सर बाहेर थांबायचे

औरंगपुऱ्यातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या दैनिकाचं कार्यालय होतं. खाली स्टेशनरीचं आणि चपलांचं दुकान, वर लांब गॅलरी आणि गॅलरीला लागून तीन खोल्या. दोन आमच्या, तिसरी सरांची. सरांच्या खोलीवर ‘कौटुंबिक सल्ला केंद्र’ अशी पाटी होती. केंद्र चालवणाऱ्या संस्थेनं ती लावली होती. सरांना ती पसंत नव्हती. पण पाटी काढायची तर शिडी आणावी लागली असती, आणि सरांचा उत्साह शिडीपर्यंत पोचत नसे. त्यामुळे पाटी राहिली.

खोलीत माणसं असली की सर बाहेर असायचे. नवरा-बायको येत, बाप-लेक येत, सासू-सून येत. सर त्यांना आत बसवायचे, चहा मागवायचे, कोण कुणाला घेऊन आलंय ते पाहून घ्यायचे. मग एकच प्रश्न विचारायचे आणि दार ओढून घेऊन गॅलरीत यायचे. कठड्याला टेकून, दाराकडे पाठ करून उभे राहायचे आणि खिशातले फुटाणे एकेक करून खायचे. आत आवाज चढला तरी वळायचे नाहीत. आत शांतता पसरली तर मात्र फुटाणे खाणं थांबवायचे.

प्रश्न साधे असायचे. ह्या घरात सगळ्यात आधी कोण झोपतं? भांडण झालं की त्या दिवशी जेवायला कोण वाढतं? धाकट्याचं नाव कुणी ठेवलं? माणसं तयारीनं आलेली असत. कुणी किती वेळा माहेरी गेलं, कुणी कुणाला काय म्हटलं, याची उजळणी करून आलेली असत. त्यांना हा प्रश्न पोरकट वाटे. तरी खोलीत दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे ती उत्तर द्यायला लागत, आणि उत्तरावरून त्यांचं जुंपे. सरांना तेच हवं असे.

सगळ्यांनाच हे मानवत नसे. एकदा एक वकील आपल्या पत्नीला खोलीत सोडून तावातावानं आमच्याकडे आले. हे गृहस्थ संस्थेचा पगार घेतात, आम्हाला खोलीत कोंडतात आणि स्वतः बाहेर चणे खात उभे राहतात, याची बातमी करा, असं त्यांचं म्हणणं. मी पद्धतीप्रमाणे सरांना त्यांची बाजू विचारली. सर म्हणाले, “लिहा की. फक्त कोंडतो असं लिहू नका. कडी आतून आहे.” बातमी झाली नाही. वकील पुढच्या आठवड्यात पुन्हा आले आणि पत्नीसह मुकाट्यानं आत जाऊन बसले.

सर जुन्या शहरातले. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा ते शाळेत होते. त्याआधी सगळे विषय उर्दूत, नंतर काही वर्षांत सगळे मराठीत. त्या बदलात त्यांचं एक वर्ष गेलं. बेरीज अजून उर्दूत करतो आणि वजाबाकी मराठीत, असं ते सांगत. राग कुठल्या भाषेत येतो, असं मी विचारलं होतं. “दखनीत यायचा. आता येत नाही.” पुढे ते शिक्षक झाले, बरीच वर्षं शिकवलं, मग नोकरी सोडून मुंबईला जाऊन समाजकार्याचा अभ्यासक्रम केला आणि परत इथंच आले. परत का आलात, याला त्यांचं उत्तर होतं की तिकडची माणसं फार भराभर बोलतात.

केंद्रात येणाऱ्यांना ते पहिल्यांदा एवढंच सांगत, की घरात ज्या भाषेत भांडता त्याच भाषेत बोला, इथं पुस्तकी नक्को. त्यामुळे त्या खोलीतून कधी ठेक्यातली गावाकडची मराठी ऐकू यायची, कधी गल्लीतली हिंदी, कधी दोन्हींची खिचडी. भांडणाऱ्यांची जात किंवा धर्म त्यावरून कळायचा नाही. कोण जास्त थकलंय, तेवढं कळायचं.

एकटं कुणी आलं तर मात्र सर बाहेर जात नसत. ते त्या माणसाच्या शेजारी बसत. दोन खुर्च्या खिडकीकडे तोंड करून, समोर पत्र्याची छपरं आणि वाळत घातलेले कपडे. समोरासमोर बसवलं की माणूस जबानी देतो, बाजूला बसवलं की बोलतो, असं त्यांचं मत होतं. मी त्यानंतरच्या नोकरीत मुलाखती शेजारी बसूनच घेतल्या. त्याचा उपयोग होतो.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ते काहीच विचारत नसत. अशी मुलं आपणहून येत नाहीत, आणली जातात. गुलमंडीतले एक कापडाचे व्यापारी आपल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आले होते. मुलगा अभ्यास करत नव्हता आणि रात्री उशिरा घरी येत होता. सरांनी मुलाला सांगितलं, “तुला जायचं असेल तर जा. मी तुझ्या वडिलांशी बोलतो.” मुलगा तडक जिना उतरून गेला. व्यापारी थक्क झाले.

“अहो, त्याला दाखवायला आणलंय. मला नाय.”

“हौ. पण तो तर गेला,” सर म्हणाले. “आता तुम्हीच उरलात.”

व्यापारी बराच वेळ आत होते. मुलगा काही वेळानं परत आला आणि जिन्यावर बसून राहिला. खाली त्याला कुणी धरून ठेवलेलं नव्हतं, म्हणून आला असावा. पुढे बाप-लेक दोघं वेगवेगळ्या दिवशी येऊ लागले.

मी कधी विचारलं की सर, कंटाळा येत नाही का, तर ते म्हणत, माणसांचा येत नाही, पण सगळे दुसऱ्याला घेऊन येतात, त्याचा येतो. त्यांच्या चेहऱ्यावर हा थकवा कायमचा होता. संध्याकाळी खोली बंद करून ते आमच्याकडे येत, बातम्यांच्या तारा छापणारं यंत्र खडखडत असे, त्याच्याशेजारच्या स्टुलावर बसत आणि कुणाशीही बोलत नसत. आमचे मुख्य वार्ताहर त्यांना ‘गप्प बसण्याचे मास्तर’ म्हणत. सरांना ते ऐकू गेलं होतं. “मास्तर नाही, अजून शिकतोय,” एवढंच म्हणाले.

पुढे संस्थेचं अनुदान थांबलं आणि केंद्र बंद पडलं. सर काही वर्षं घरीच माणसांना भेटत. ते गेले तेव्हा त्यांच्या निधनाची बातमी मीच केली. एका कॉलमात बसली. शिक्षण, नोकरी, मागे कोण, दफनविधी कुठं आणि केव्हा. त्यांनी नेमकं काय केलं, हे लिहायला जागा होती, पण वाक्य जमेना. हे गृहस्थ बाहेर उभे राहायचे, असं निधनवार्तेत लिहिता येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत त्यांची रीत आणखी वेगळी होती. ते मुलाला घेऊन चालायला निघत. आई-वडील खोलीत बसून राहत आणि सर मुलाबरोबर रस्त्यावर. पण मूल पुढे आणि सर दोन पावलं मागे. कुठं वळायचं ते मुलानं ठरवायचं. सर रस्ता सुचवत नसत, घाई करत नसत, आणि मूल बोललं तरच बोलत. बहुतेक मुलं त्यांना गुलमंडीतल्या खेळण्यांच्या दुकानांपर्यंत नेत, किंवा चाट मसाल्याच्या वासापर्यंत. काही मुलं इमारतीला एक फेरी मारून परत येत. एका मुलानं त्यांना स्वतःच्या जुन्या घरापुढे नेऊन उभं केलं होतं. मूल कुठं नेतं यावरून बरंच कळतं, असं सर सांगत. काय कळतं, ते सांगत नसत.

या रीतीमुळे घडलेली एक हकीकत सांगण्यासारखी आहे. ती मला सरांकडून कळलेली नाही. येणाऱ्यांविषयी ते एक अक्षर बोलत नसत. काही भाग त्या मुलीच्या आईनं बऱ्याच वर्षांनी सांगितला, चालण्याचा भाग मुलीनं मोठी झाल्यावर सांगितला, आणि शेवट मी स्वतः पाहिला. दोघींनीही लिहायला हरकत घेतली नाही, नाव-गल्ली देऊ नका एवढंच म्हणाल्या.

मुलगी तेव्हा बारा वर्षांची. शाळेत प्रार्थनेला उभी असताना ती चक्कर येऊन पडायची. घरी कामापुरतं बोलायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. मग शाळेतल्या एका बाईंनी सरांचा पत्ता दिला. आई तिला घेऊन आली, बरोबर आईचा मोठा भाऊ. त्याचं गुलमंडीत तयार कपड्यांचं दुकान होतं आणि या मायलेकी त्याच्याच आधारानं राहत होत्या. मुलीचे वडील मस्कतला ड्रायव्हर आहेत, असं त्यांनी सरांना सांगितलं.

मुलीला चहावाल्याकडे पाठवल्यावर आईनं खरं सांगितलं. वडील एका कंपनीची बस चालवत. एका अपघातात त्यांच्या हातून एक माणूस गेला. दोन वर्षांची शिक्षा झाली आणि ते हर्सूलच्या कारागृहात होते. शिक्षा झाली तेव्हा या लोकांनी राहती जागा सोडली आणि मामाच्या गल्लीत आले. मस्कतची कल्पना मामाची. बाप तुरुंगात आहे हे कळलं तर पोरगी शाळेत मान वर करणार नाही, असं त्यांना वाटलं होतं.

आई कैद्यांना भेटण्याच्या, म्हणजे मुलाखतीच्या दिवशी हर्सूलला जाई आणि घरी येऊन मुलीला सांगे की मामाच्या दुकानात मस्कतहून फोन आला होता. बाबा म्हणाले गणिताकडं लक्ष दे. बाबा म्हणाले केस कापू नको. निरोप खरा असायचा, गाव खोटं असायचं. हे ती मला सांगत होती तेव्हाही तिला या खोटेपणाबद्दल फारसं काही वाटत नव्हतं. एका शब्दाचा फरक, असं ती म्हणाली.

तिनं सरांना हात जोडून विनंती केली की पोरीला कळू देऊ नका. सरांनी सांगितलं, मी आपणहून बोलणार नाही, पण तिनं मला विचारलं तर खोटंही सांगणार नाही. ती विचारणार नाही, अशी आईची खात्री होती.

दुसऱ्या भेटीत सर मुलीला घेऊन चालायला निघाले. ती गुलमंडीत थांबली नाही. सिटी चौकातून वळली, दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडली आणि हर्सूलच्या रस्त्याला लागली. सर मागे. रस्त्यात दोघांनी एकदा उसाचा रस प्यायला. कारागृहाच्या गेटासमोर, रस्त्याच्या या बाजूला एक कडुनिंब होता. ती त्याच्याखाली जाऊन उभी राहिली.

मग तिनंच सांगितलं, “आईला सांगू नका मला माहितीय म्हणून.”

“का?”

“ती घरी हसते. मला माहितीय हे कळलं तर घरी पण हसणार नाही.”

परतताना ते सिटी बसनं आले. आई आणि मामा केंद्रात वाट पाहून हैराण झाले होते. मुलीनं सांगितलं, खूप फिरलो, रस प्यायलो. सर गॅलरीत येऊन उभे राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी आमच्याकडे येऊन बूट काढले आणि पाय स्टुलावर घेतले. एरवी ते असं करत नसत. तेव्हा मला त्याचं कारण माहीत नव्हतं.

आता ते दोन्ही बाजूंनी बांधले गेले होते. आईनं सांगितलं होतं मुलीला सांगू नका, मुलीनं सांगितलं होतं आईला सांगू नका. मूल जे बोलतं ते त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी मुलीला दोन-तीनदा सुचवलं की तूच सांगून बघ. तिनं नकारार्थी मान हलवली. शाळेत चक्कर येऊन पडणं चालूच होतं. आणि वडिलांची सुटका जवळ आली होती. बाप घरी आला की ह्या मुलीला आणखी एका माणसासमोर हे नाटक करावं लागणार, आणि तो माणूस आयुष्यभर समोर राहणार, ही सरांची काळजी. आई म्हणाली, सर मला एवढंच बोलले होते, “ते आले की संपेल असं तुम्हाला वाटतंय. तेव्हाच सुरू होईल.” तिला अर्थ लागला नव्हता.

सुटकेच्या आधी सरांनी तिघांना एकत्र बोलावलं. आई, मामा आणि मुलगी. त्यांना प्रश्न दिला, की वडील आल्यावर पहिल्या रात्री घरात कोण कुठं झोपणार? दार ओढून बाहेर आले. त्या दिवशी मी गॅलरीतच होतो. आतून मामांचा आवाज येत होता, अधूनमधून मुलीचा. हसण्याचाही आवाज आला. सरांनी फुटाणे हातात घेतले होते, ते तसेच मुठीत राहिले.

आत काय झालं ते आईनं नंतर सांगितलं. झोपण्याचा प्रश्न एका वाक्यात संपला. मग मामांनी मस्कतचं वर्णन सुरू केलं. तिथं ऊन कसं, रस्ते कसे, उंट रस्त्यावर कसे येतात. मुलगी विचारत गेली, उंट गाडीच्या आडवा आला तर बाबा काय करत असतील, तिथं भाकरी मिळते का. मामा उत्तरं देत गेले. मुलगी इतकं बोलतेय हे पाहून आईला हायसं वाटलं.

मामा बाहेर आले ते प्रसन्न होऊन. “सर, पोरगी लई मजेत हाय. उगं आम्हीच घोर लावून घेतला होता.”

“व्हय,” सर म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द मी त्या एकाच दिवशी ऐकला; एरवी ते ‘हौ’ म्हणत.

ते गेल्यावर सरांनी मुठीतले फुटाणे कठड्यावर ठेवले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “अखबारवाले, काही घरांत माणसं एकमेकांना इतकं जपतात, की कुणाला श्वास घेता येत नाही.” कुठल्या घरात, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दरम्यान मामा तयारीला लागले होते. मस्कतहून येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मामांनी शहागंजातून अत्तर, खजूर, एक जाड ब्लँकेट आणि परदेशी बनावटीचा टेपरेकॉर्डर जमवला. दिवस उन्हाळ्याचे होते, पण आखातातून ब्लँकेट आणतातच, म्हणून ब्लँकेट. मोठी सुटकेस घेतली. ओळखीतला एक माणूस खरोखरच आखातातून आला होता, त्याच्या बॅगेचा विमानाचा टॅग मागून आणला आणि सुटकेसच्या कडीला बांधला. बेत असा होता, की सुटल्यावर रिक्षानं आधी रेल्वे स्टेशनवर जायचं, मुंबईची गाडी आली की त्या गर्दीतून बाहेर पडायचं आणि दुसऱ्या रिक्षानं गल्लीत यायचं. मुलगी तोवर शाळेतून येऊन घरी औक्षणाचं ताट घेऊन तयार राहील. मामांनी यात कुठलीही फट ठेवली नव्हती.

त्या दिवशी सकाळी सर माझ्या टेबलापाशी आले आणि स्कूटर आहे का, असं विचारलं. हर्सूलला जायचं होतं. येणाऱ्यांपैकी कुणासाठी ते असे कधी बाहेर गेले नव्हते. येणाऱ्यानं यावं, आपण कुणाच्या दारी जायचं नाही, ही त्यांची शिस्त. मी कारण विचारलं, त्यांनी दिलं नाही. मागे बसले. दिल्ली दरवाज्यापर्यंत त्यांनी दोनदा मला सावकाश चालवायला सांगितलं.

कारागृहाच्या गेटाजवळ एक रिक्षा उभी होती. शेजारी एक बाई आणि एक जाडसर गृहस्थ, पायाशी नवी कोरी सुटकेस. मी त्यांना गॅलरीत पाहिलेलं होतं. सर त्यांच्याकडे गेले नाहीत. त्यांनी मला स्कूटर अलीकडे, चहाच्या टपरीपाशी लावायला सांगितली आणि पलीकडच्या कडुनिंबाकडे चालत गेले. मी मागोमाग. झाडाच्या बुंध्याआड ती मुलगी शाळेच्या गणवेशात, दप्तर पाठीला लावून उभी होती. सरांना पाहून ती दचकली नाही.

“तुम्ही कशाला आलात?”

“मला वाटलं तू एकटी असशील.”

“मी इथं एकटीच असते.”

सरांनी गेटाकडे हात केला. “जायचं का तिकडं?”

“नको,” ती म्हणाली. “आईनं एवढं सगळं केलंय. वाया जाईल.”

सर तिच्या शेजारी उभे राहिले, तिच्यासारखंच गेटाकडे तोंड करून.

मोठ्या गेटातलं लहान दार उघडलं आणि एक मध्यम वयाचा माणूस वाकून बाहेर आला. हातात कापडी पिशवी. बाईनं पिशवी घेतली. कुणी कुणाला हात लावला नाही, कुणी रडलं नाही. मामांनी नवा शर्ट पुढे केला आणि तो माणूस रस्त्यावरच जुन्या शर्टावर नवा शर्ट घालू लागला. मामा सुटकेस उचलून दाखवत होते, टॅग दाखवत होते, हातवारे करून स्टेशन आणि गाडी समजावून सांगत होते. माणूस ऐकत होता. बटणं लावता लावता त्यानं सहज रस्त्याच्या पलीकडे पाहिलं आणि त्याचे हात थांबले.

त्यानं दोन वर्षांत मुलीला पाहिलेलं नव्हतं. ती बरीच वाढली होती. तरी त्यानं ओळखलं. मामा बोलतच होते. त्यांच्या हातातली सुटकेस बाजूला सारून तो रस्ता ओलांडून आला. मी तिथं होतो, सर होते, आम्हाला तो ओळखत नव्हता. मुलीच्या दप्तराकडे पाहून तो म्हणाला, “शाळा नाही का आज?”

“आहे.”

“मग?”

“बुडवली.”

“आईला विचारून?”

“नाही.”

त्यानं वळून पाहिलं. बाई रस्ता ओलांडत होती. “मग सांग तिला,” तो मुलीला म्हणाला. “मी इथंच आहे.”

बाई आली ती सरांवरच. “सर, तुम्ही सांगितलंत तिला. मी हात जोडले होते तुमच्यापुढं.”

सरांनी स्वतःची बाजू मांडली नाही. मुलगी आईकडे पाहत होती.

“आई, मी शाळा बुडवली.”

“ते दिसतंय मला.”

बापानं तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, जवळ घेतलं नाही. नव्या शर्टाची अर्धी बटणं उघडीच होती. “खरं सांग,” तो म्हणाला. “आजचीच बुडवली?”

“नाही.”

“मग?”

“दर मुलाखतीला. आईच्या मागून यायचे.”

पलीकडून मामा गाडीची वेळ झाली म्हणून हाका मारत होते. आईनं एकदा गेटाकडे पाहिलं आणि एकदा झाडाकडे, दोन्हींमधलं अंतर मोजावं तसं. मग मुलीला विचारलं, “इथं? उन्हात?”

“सावली असते इथं,” मुलगी म्हणाली.

आई पुढे झाली, झाडाच्या बुंध्याशी मुलगी जिथं उभी होती तिथं जाऊन उभी राहिली, आणि तिथून गेट कसं दिसतं ते बघत राहिली.